चिन्नोरच्या कोठीतली पत्रं

२४ नोव्हेंबर

ही डायरी २०१९ सालची. त्या वर्षी मी रिटायर झालो आणि लिहून ठेवण्यासारखं काही घडेनासं झालं, म्हणून कोरीच राहिली. वार चुकतात, तारखा बरोबर येतात. चालेल.

आज घरातला एक गुन्हा उघडकीस आला. नवा चिन्नोर तांदूळ दोन-चार दिवसांत येणार, म्हणून कामाला येणारी चंपाबाई आणि मी पत्र्याची कोठी रिकामी करत होतो. तळाशी कडुनिंबाच्या पाल्याखाली हाताला कागद लागले.

"बाबूजी, कोठीत कागद काहून ठेवले बाईनं?" चंपाबाईनं विचारलं.

मी ते ओढून काढले. पाकिटं, अंतर्देशीय, पोस्टकार्डं, सगळी मीनाक्षीच्या नावाची. पाकिटं फोडलेलीसुद्धा नाहीत. एकूण दोनशे तेरा.

माझी बायको मीनाक्षी प्रसिद्ध लेखिका आहे. बालाघाटात हे फारसं कोणाला ठाऊक नाही, कारण इथं मराठी बोलणाऱ्यांची पोरंही आता हिंदीतच भांडतात. पण तिकडे महाराष्ट्रात तिच्या सात पुस्तकांवर लोक जीव टाकतात. पुस्तकाच्या शेवटी आमचा पत्ता छापलेला असतो आणि लोक पत्रं लिहितात. ती कुठं जातात हे मी कधी विचारलं नव्हतं.

"नवा तांदूळ शिजवला की गिचका होतो," ती म्हणाली. "वर्षभर ठेवला की मोकळा होतो. पत्राचंही तसंच आहे. मुरू द्या."

"यातली काही तीन वर्षांची आहेत!"

"मग अजून थोडी मुरू द्या."

मी जंगल खात्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. आलेल्या कागदावर नंबर घालायचा, गेलेल्या कागदावर नंबर घालायचा. माझ्या टेबलावर सात दिवसांच्या वर कागद पडून राहिला नाही. आणि माझ्याच घरात दोनशे तेरा प्रलंबित! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी फाटकाच्या कडीला नवी चिंधी बांधली. जुनी कुजली होती.

२७ नोव्हेंबर

"फोडू का?" म्हणून विचारलं. "तुमचे हात खाजून राह्यले न, फोडा," म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. दोन वर्षं ती अशीच बसते, पेरूच्या झाडाकडे बघत. एक ओळ लिहिलेली नाही. मी विचारत नाही. तिच्या पेन्सिली मात्र दर सोमवारी छिलून ठेवतो, आजही ठेवल्या.

रजिस्टर आखलं. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. तारीखवार लावून वाचत गेलो.

आवक क्रमांक १, गोंदियाची एक नर्स. बसमध्ये पुस्तक वाचताना तिचा थांबा दोनदा मागे पडला. क्रमांक १७, अकोल्याचे एक गृहस्थ. बायकोची वाचा गेली आहे. ते तिला पुस्तक वाचून दाखवतात आणि कोंबड्याचा प्रसंग आला की ती हसते, म्हणून तेवढंच पान रोज वाचतात. क्रमांक ५८, साताऱ्याची एक मुलगी. पुस्तकातल्या विहिरीला अजून पाणी आहे का, एवढंच विचारते.

एवढंच विचारलंय, आणि दोन वर्षं उत्तर नाही. मला जेवण गेलं नाही.

३० नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला. भरवेलीच्या खाणीची पाळी सुटली की आमच्या रस्त्यावरून मोटारसायकली जातात, त्या आवाजात मला बरी झोप लागते. स्वप्नात पाहिलं तर ओसरीवर माणसं बसलेली. ओळखीचं कोणी नाही, पण सगळ्यांना मी नंबरानं ओळखत होतो. अकोल्याचे गृहस्थ बायकोला पदरानं वारा घालत होते. पदर त्यांच्या खांद्यावर कसा आला, कोण जाणे. साताऱ्याची मुलगी रिकामी कळशी घेऊन उभी. कोणी तक्रार करत नव्हतं. वैनगंगेवरचं धुकं यावं तसं काहीतरी पांढरं अंगणात भरत होतं आणि माणसं त्यात गुडघ्यापर्यंत बुडाली होती, तरी जागची हलली नाहीत.

जागा झालो आणि ठरवलं. उत्तरं मी देणार. तिच्या नावानं.

हे बरं नाही, हे मला समजतं. पण ओसरीवर माणसं बसवून ठेवणं त्याहून वाईट.

पहिलं उत्तर गोंदियाला. "आपले पत्र मिळाले. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे." फाडलं. पुन्हा लिहिलं. "बाई, पुढच्या वेळी कंडक्टरला आधी सांगून ठेवत जा." सही केली, मीनाक्षी चांदूरकर. तिच्या सहीचा वळसा मला डोळे मिटून येतो.

९ डिसेंबर

एकतीस उत्तरं गेली. साताऱ्याच्या मुलीचं अडलं होतं, कारण न बघता लिहिणं माझ्या स्वभावात नाही. ती विहीर लालबर्ऱ्याच्या वाटेवर, मीनाक्षीच्या मामांच्या जुन्या शेतात आहे. स्कूटर काढली. धुक्यात रस्ता असा की मागचं पुढचं काही नाही, मधेच एखाद्या राइस मिलचा भोंगा आणि पुन्हा पांढरं. वाटलं, आपण पुस्तकात तर शिरलो नाही ना. विहिरीत दोर सोडून मोजलं, पाणी अकरा हात. दोन बेडूक. तसंच कळवलं.

घरी आल्यावर मीनाक्षी म्हणाली, "कुठं गेलते? पायजम्याला चिखल आहे."

"राइस मिलला."

"राइस मिलमध्ये चिखल?" एवढंच म्हणाली आणि गरम पाणी काढून दिलं.

१६ डिसेंबर

थोडक्यात वाचलो. अमरावतीला पाठवलेलं एक पाकीट परत आलं, तिथल्या बाई घर सोडून गेल्या. आणि नथ्थू पोस्टमननं ते नेमकं मीनाक्षीच्या हातात दिलं! मी मागे पेरू काढत होतो. आलो तर पाकीट माझ्या टेबलावर, रजिस्टरच्या वर. तोंड उघडं होतं. हल्ली दंवानं डिंक धरत नाही, त्यामुळं सुटलं असणार. तिनं वाचलं असतं तर बोललीच असती.

रात्री तिनं काही कारण नसताना पाटवड्यांची आमटी केली. मला आवडते ती.

२१ डिसेंबर

डोक्यावर हात मारून घेण्याची पाळी आली. अकोल्याचे गृहस्थ लिहितात, "आपलं उत्तर पत्नीला वाचून दाखवलं, ती दोनदा हसली. एक विचारू का? आपल्या सहीच्या वर बारीक अक्षरात 'कृते' लिहिलं आहे. हे कृते कोण?"

आमच्या ऑफिसात साहेब दौऱ्यावर असले की त्यांच्या वतीनं मी सही करायचो. अशा वेळी हुद्द्याच्या वर बारीक 'कृते' लिहायचं, म्हणजे मूळ माणसाचं नाही, त्याच्यासाठी दुसऱ्यानं केलं. इतकी वर्षं हात वळला, वळतच राहिला. चव्वेचाळीस पत्रं गेली, चव्वेचाळिसांवर 'कृते'. चोरी केली आणि पावती देऊन आलो!

मीनाक्षीला सांगून टाकावं असं तीनदा वाटलं. ती पेरूकडे बघत होती. नाही सांगितलं.

२८ डिसेंबर

आज उकव्याहून पत्र. इतक्या जवळून पहिल्यांदाच आलं. अक्षर गोल, शाळेतल्या बाईंचं. पत्रातच तसा खुलासा आहे. इथं उतरवून ठेवतो.

"बाई, माझे डोळे अधू आहेत, शेजारची मास्तरीण लिहून देते. तुमची साती पुस्तकं मी ऐकली. त्यात तुमची आई आहे, मामा आहे, दूधवाला आहे, शेजारचा कोंबडाही आहे. घरचा माणूस नाही. काहून जी? तो कसा आहे? मले कळवा. तुळसाबाई."

तीनदा वाचलं. मग पाणी प्यालो.

हे आता लिहूनच टाकतो, डायरी माझीच आहे. प्रत्येक पुस्तक आलं की मी पानं उलटत गेलो, मी कुठं आहे ते बघत. सात वेळा बघितलं. नाही. एवढी वर्षं एका छपराखाली राहून मी त्या कोंबड्याइतकाही नाही? हे मी कोणाला बोललो नाही. आणि उकव्याच्या एका अनोळखी बाईनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. उत्तर द्यायचं ते मीनाक्षीच्या वतीनं मी. मी तिला कोण वाटतो, हे मला कुठं ठाऊक आहे?

३१ डिसेंबर

रविवार, म्हणून गीता आली होती. ही मीनाक्षीची जुनी विद्यार्थिनी, उकव्याच्या शाळेत शिकवते, दर रविवारी बसनं बालाघाटला येते आणि दोघी तासन् तास आत बोलत बसतात. तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा सहज विचारलं, "उकव्यात तुळसाबाई म्हणून कोणी आहे का?"

"सर, उकव्यात तुळसाबाया खूप आहेत," ती म्हणाली आणि तिला ठसका लागला. थंडी फार आहे.

जेवताना मी मीनाक्षीला आडून विचारलं. "तुझ्या पुस्तकात तो कोंबडा काहून आला?"

"त्याला टाळता येईना. सारखा ओरडायचा."

"म्हणजे ओरडणारेच येतात?"

तिनं मिठाची वाटी पुढं केली. "मीठ कमी आहे का?" म्हणाली.

४ जानेवारी

डायरी डिसेंबरपाशी संपली, म्हणून याच डायरीच्या जानेवारीत परत आलो. ही पानंही कोरीच होती.

उकव्याच्या उत्तराचे मसुदे. पहिला, "माझे पती शासकीय सेवेतून निवृत्त असून प्रकृती ठीक आहे." फाडला. दुसरा, "माझे पती अत्यंत प्रेमळ." हे तिनं कधी म्हटलेलं नाही, खोटं कसं लिहू? फाडला. तिसऱ्यात "माझे पती" लिहिलं आणि तासभर पुढं काही सुचेना. खिडकीबाहेर धुकं काचेला लागून बसलं होतं. लिहिणाऱ्याचं दुखणं काय असतं ते आज समजलं. ती दोन वर्षं अशीच बसली आहे की काय?

पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली नाही, काळजी वाटली.

९ जानेवारी

लिहिलं एकदाचं. नक्कल ठेवतो.

"तुळसाबाई, माझा माणूस पुस्तकात मावेल असा नाही. तो मोजतो, नंबर घालतो, बाजारातून सांगितलेलं सोडून भलतंच आणतो. माझी पहिली कथा परत आली होती, तेव्हा मी पाकीट चुलीत टाकायला निघाले होते. त्यानं ते हातातून घेतलं, त्यावर नंबर घातला आणि म्हणाला, परत आलेला कागद पुन्हा जावक होतो. दुसऱ्या दिवशी टाकून आला. त्याला धड बोलता येत नाही. माझी पुस्तकं त्यानं पूर्ण वाचलेली नाहीत, फक्त स्वतःला शोधत पानं उलटली. मी त्याच्यावर का लिहिलं नाही, हे त्यानं मला विचारायला हवं होतं. तो घाबरतो. उत्तर 'काय लिहिणार' असं आलं तर, म्हणून."

सही केली. या वेळी 'कृते' खोडायचं लक्षात होतं. तरी राहू दिलं. का, सांगता येत नाही.

२० जानेवारी

उकव्याचं उत्तर.

"बाई, तुमचं पत्र ऐकून मी लय वेळ बसूनच राह्यली. माझाही तसाच आहे. घरात असून दिसत नाही. पण सकाळी फाटक वाजत नाही न, कारण कोणीतरी कडीले चिंधी बांधून ठेवते, तवा मले समजते का घरात माणूस आहे. तुमच्या माणसाले सांगा, स्वतःचं नाव पाहू नको. पुस्तक सावकाश वाच, पयल्या पानापासून. हौ म्हणाल न? तुळसाबाई."

कमाल आहे. उकव्यातही लोक कडीला चिंधी बांधतात. मला वाटायचं ही युक्ती माझीच.

बाईचं ऐकावं म्हणतो. दुसरं काही नाही तरी दुपार जाईल.

३ फेब्रुवारी

चौदा दिवस वाचत होतो. दुपारी ओसरीवर ऊन येतं तिथं बसायचं, वाचायचं, मधे डोळा लागायचा, आणि झोपेत पुस्तक पुढं चालूच राहायचं. कुठलं छापलेलं आणि कुठलं स्वप्नातलं याचा मेळ लागेना, म्हणून उठल्यावर पुन्हा तेच पान वाचायचो. त्यामुळंच सापडलं.

दुसऱ्या पुस्तकात, पान ४१. मुलगी अभ्यासाला बसते. "फाटक वाजलं नाही. कोणीतरी कडीला चिंधी बांधून ठेवली होती."

विहिरीच्या पुस्तकात, "रहाट कुरकुरत नव्हता, कोणीतरी त्याला तेल घातलं होतं." त्या उन्हाळ्यात मामांच्या शेतावर रहाटाला तेल मीच घातलं होतं. तिची दुपारची झोप मोडायची म्हणून.

पाचव्यात, "पेन्सिलींना कोणीतरी टोक करून ठेवलं होतं, म्हणून ती लिहायला बसली."

मग मी पेन्सिल घेऊन खुणा करत गेलो. पहिल्या पुस्तकात परत आलेलं पाकीट कोणीतरी पुन्हा पेटीत टाकून येतं. सहाव्यात ती तापानं फणफणली आहे आणि कोणीतरी सगळ्या घरातली घड्याळं बंद करून ठेवलीत. १९९८ सालचा टायफॉइड, टिकटिक तिला सहन होत नव्हती. सात पुस्तकांत एकशे नऊ वेळा 'कोणीतरी'. त्या माणसाला नाव नाही, चेहरा नाही, तो एक शब्द बोलत नाही. पण पुस्तकात कोणावर वाईट वेळ आली की तो आधीच येऊन काहीतरी करून गेलेला असतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी नाव शोधत होतो.

ओसरीवर बसून रडलो. चंपाबाईनं पाहिलं. "काय झालं जी बाबूजी?" "डोळ्यात ऊन गेलं," म्हटलं. "सूर्य तं मागं गेला," ती म्हणाली आणि झाडायला निघून गेली.

५ फेब्रुवारी

सोमवार. पेन्सिली छिलायला घेतल्या तर तीन आखूड झालेल्या. तिच्या टेबलावर कागद उलटे ठेवले होते. मी ते सुलटे केले नाहीत. पेन्सिलींना टोक केलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

१० फेब्रुवारी

पेरूखाली ऊन खात होतो. नथ्थूनं फाटकातून हाक मारली.

"बाबूजी, ये कृते कौन है? पता तर तुमच्याच घरचा आहे. वापस करू का?"

पाकिटावर लिहिलं होतं, 'श्री. कृते यांस, द्वारा मीनाक्षी चांदूरकर, बालाघाट.' शिक्का उकव्याचा. पण अक्षर गोल नव्हतं. उजवीकडे कललेलं, 'क्ष' चा पाय लांब ओढलेला. हे अक्षर मी किराण्याच्या यादीवर रोज बघतो.

"वापस नको," मी म्हटलं. "मीच तो."

नथ्थू गेल्यावर मी तिथंच उभा राहिलो. परत आलेलं पाकीट, सुटलेला डिंक, पाटवड्यांची आमटी, गीताचं गोल अक्षर आणि तिचा ठसका, उकव्यातली चिंधी, एकेक कागद नस्तीत लागावा तसं सगळं ओळीनं लागत गेलं. चौतीस वर्षं आवक बघितली आणि आपल्या घरातून निघून आपल्याच घरी आलेला कागद ओळखता आला नाही. मला हसू आलं आणि कानशिलं तापली. म्हणजे ते सगळं, 'तो घाबरतो' सुद्धा, तिनं वाचलं होतं.

पाकीट जाडजूड होतं. सात-आठ कागद असतील. दोन महिन्यांपूर्वी हे आलं असतं तर मी फाटकातच फोडलं असतं.

स्वयंपाकघरात गेलो. कोठीचं झाकण काढलं, नव्या चिन्नोरचा वास आला. मीनाक्षी दारात येऊन उभी राहिली. बोटाला पेन्सिलीचं काळं लागलेलं.

"नंबर नाही घातला?" तिनं विचारलं.

"नाही."

"फोडलंही नाही?"

"नवं आहे," मी म्हटलं. "गिचका होईल."

मी पाकीट तांदळात कोपरापर्यंत हात घालून तळाशी ठेवलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. मग ती टोपलीतला कडुनिंबाचा पाला घेऊन आली, आणि आम्ही दोघांनी तो वर पसरला.